मावशीचे चार दिवस

मी बारावीला गेले तरी मला पाळी आली नव्हती. त्याची काळजी माझ्यापेक्षा आईला जास्त होती. मी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. अंगाने नीट भरलेली, चेहऱ्यावर औषधालाही पुटकुळी नाही, आणि खो-खोत माझा हात लागला की समोरची बाद झालीच. मैत्रिणी महिन्यातून एकदा पोट धरून बसायच्या, तेव्हा मी मैदानावर असायचे. चांगलंच चाललंय की, असं मला वाटायचं.

आईला तसं वाटत नव्हतं. आमचं गाव सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं. थोडी भाताची शेती आणि काजूची कलमं. आईने मला आधी आळीव खायला घातले, मग तीळ, मग कच्ची पपई. त्यानेही काही होईना तेव्हा ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या अंगावर लावलेली पाकळी उजव्या बाजूची पडली, म्हणजे देवीचा होकार. आई खूश झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा कौल, पुन्हा उजवा.

"देवी होय म्हणता," बाबा म्हणाले, "पण कधी ता सांगना नाय."

शेवटी आई मला सावंतवाडीला एका लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सोनोग्राफी केली. थंडगार जेल लावून माझ्या पोटावरून यंत्र फिरवताना त्या गप्पा मारत होत्या आणि मधेच गप्प झाल्या. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग म्हणाल्या, "गर्भाशय दिसत नाहीये. घाबरायचं कारण नाही, पण गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तिथे हार्मोनच्या डॉक्टर आहेत."

घरी आल्यावर आईने फोन लावला तो मावशीला.

मावशी आईची मोठी बहीण. ती कुणकेश्वरला दिलेली. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, मागे आंब्याची कलमं, आणि पर्यटक यायला लागले तसं तिने आणि काकांनी पुढच्या पडवीत जेवणाची खानावळ काढली होती. आमच्या घरातली सगळ्यात धीट बाई तीच. बँकेत भांडायचं असो की हॉस्पिटलात रात्र काढायची असो, मावशीला बोलवायचं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिला वेळच वेळ असतो असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. ती येतानाच सुक्या बांगड्याची पिशवी आणि सोलकढीची बाटली घेऊन आली. गोव्याला न्यायला!

"काय गो, तोंड कित्याक पाडलंस?" तिने मला विचारलं. "चल, मी येतंय तुमच्या वांगडा. बघूया तरी काय म्हणता ती डॉक्टरीण."

आम्ही तिघी बसने निघालो. इन्सुलीच्या नाक्यावर चेकिंगसाठी गाडी थांबली तेव्हा मावशीने खिडकीतून डोकं काढून पोलिसाला विचारलं, "सुके बांगडे चलतत मां?" पोलिसाने हसून गाडी सोडली. आई तेवढीही हसली नाही.

गोव्याच्या डॉक्टर तरुण होत्या, बारीक अंगाच्या, आणि त्यांची मराठी कोकणीच्या वळणाची होती. त्यांनी मला तपासलं, आणि तपासताना प्रत्येक वेळी आधी मला विचारलं. रक्त घेतलं, स्कॅन केला. रिपोर्ट यायला वेळ लागेल म्हणाल्या. काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा तिघी.

त्या दिवशी डॉक्टरांनी आईला आणि मावशीला बसवलं, पण बोलल्या माझ्याशी.

"तू जीवशास्त्र शिकतेस ना? मुलीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि मुलात एक एक्स, एक वाय. तुझ्या पेशींमध्ये एक्स आणि वाय आहेत."

आई एकदम शुद्ध मराठीत म्हणाली, "म्हणजे ही मुलगी नाही का?" डॉक्टरांसमोर, तलाठ्यासमोर आणि शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर आई नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची.

"मुलगीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मली मुलगी, वाढली मुलगी, आणि तिला स्वतःला काय वाटतं ते तिलाच विचारा."

मला काय वाटतं? मला हसूच आलं. मी काल होते तीच आज होते. "मी मुलगीच आहे," मी म्हटलं. हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर देताना थोडं परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी समजावलं. वाय गुणसूत्रामुळे माझ्या पोटात, आत, पुरुषाच्या ग्रंथी तयार झाल्या होत्या. गर्भाशय बनलंच नाही. त्या ग्रंथी पुरुषी हार्मोन बनवत होत्या, पण माझ्या पेशींना त्याचा निरोप कळतच नव्हता. त्याच हार्मोनचं रूपांतर बाईच्या हार्मोनमध्ये होत होतं, म्हणून माझं अंग बाईचं झालं. म्हणून पुटकुळ्या नाहीत. म्हणून काखेत केस नाहीत.

"निरोप कळत नाय म्हणजे?" मावशीने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे बघा, कोणी सारखा फोन लावतंय, पण इकडे..."

"रेंज नाय!" मावशी म्हणाली.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. "सगळ्या अंगात रेंज नाही."

मला पाळी येणार नव्हती आणि मूल होणार नव्हतं, हेही त्यांनी त्याच खोलीत, त्याच आवाजात सांगितलं. ते ऐकल्यावर मी बराच वेळ खिडकीतल्या कडुनिंबाकडे बघत बसले. डॉक्टरांनी मला बघू दिलं. मग म्हणाल्या की अशा शरीराची माणसं जगभर आहेत, त्यांतल्या पुष्कळांचं आयुष्य चारचौघांसारखं चाललेलं असतं. आतल्या ग्रंथींचं काय करायचं हे घाईने ठरवायचं नाही, त्यांना कर्करोगाचा थोडा धोका असतो, तो तपासत राहायचा, आणि काढायच्या की ठेवायच्या हे मी मोठी झाल्यावर मीच ठरवायचं. "पूर्वी डॉक्टर न सांगता कापून टाकायचे आणि मुलीला खरं सांगायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मी तसं करत नाही."

आई मात्र एकाच ठिकाणी अडकली होती. "हे कुठून आलं?"

"बहुतेक वेळा आईकडून येतं. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. यात कुणाची चूक नसते." डॉक्टरांनी पेन उचललं. "तुमच्या माहेरी कुणी बाई आहे का, जिला कधी पाळी आली नाही?"

आई म्हणाली, "नाही. आमच्याकडे असं काही नाही."

मावशीने पदराने मान पुसली.

"मी आसंय," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीच बोलायला लागली. "काय बोलतंस तू?" तिचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. "काय बोलतंस?"

"खरा बोलतंय. माका कधीच इली नाय."

"मगे तू दर महिन्याक भायर बसायचंस ती?"

"खोटी बसायचंय," मावशी म्हणाली.

मावशीच्या सासरी बायकांनी ते चार दिवस बाजूला बसायचा रिवाज अगदी कडक होता. मागच्या परड्याकडच्या खोलीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट, चुलीला हात लावायचा नाही, विहिरीवर जायचं नाही. लग्न होऊन मावशी त्या घरात गेली तेव्हा तिला कळेना, आता काय करायचं. पाळी येत नाही असं सांगितलं तर सासू परत माहेरी धाडेल. म्हणून तिने जावेच्या तारखा लक्षात ठेवल्या आणि आपल्याही तारखा काढल्या. महिना झाला की सकाळी उठून परड्याकडच्या खोलीत जाऊन बसायची.

"इतकी वर्षां?" आईने विचारलं.

"पन्नाशी येयसर. मगे पाळी गेली म्हणान सांगून टाकलंय." मावशी आता डॉक्टरांकडे वळून सांगत होती, कारण डॉक्टर पेन ठेवून ऐकत होत्या. "खरा सांगू डॉक्टर, माका बरां पडायचा. वायनार कांडूक जावचा नाय, पाणी भरूचा नाय. निजूचा आणि जुने पेपर वाचूचे. जाव बिचारी काम करून मरायची. एकदा तर पावण्यांचा जेवाण होता, मी दोन दिवस आदीच जावन बसलंय."

डॉक्टरांना हसू आवरेना. मीही हसले. आई हसत होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं.

"आणि काका?" मी विचारलं.

"ह्येंका पयल्या वर्षाकच कळला. गप रवले. मी भायर बसलंय की संध्याकाळी खिडकीतसून भजी देयत."

काकांना त्यांच्या भावकीने दुसरी बायको करायचा आग्रह कितीदा केला होता हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "दुसरी हाडून ठेवू खंय? ही एकटीच आख्खा घर व्यापून बसता."

परतीच्या वाटेवर सीमा ओलांडली आणि मावशीला चहा हवा झाला. इन्सुलीला उतरून आम्ही एका टपरीवर बसलो. आई एकदम म्हणाली, "माका तरी सांगूचा होता. मी तुजी बहीण ना?"

"काय सांगू? तू पोरां काढीत होतंस एकामागून एक. तुज्या डोहाळजेवणात येवन माका नाय म्हणान सांगू?"

आईने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि टपरीवाल्यासमोर, दोन ट्रक ड्रायव्हरांसमोर, मावशीला मिठी मारली. मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही. मावशीचा चहा सांडला. "सोड गो, लोकां बघतत," ती म्हणाली, पण तिनेही सोडलं नाही.

यानंतर मावशीने हट्ट धरला की तिचीही तपासणी व्हायला हवी. आईला वाटलं, आता या वयात कशाला? "माका नाव होया," मावशी म्हणाली. "इतकी वर्षां लोकांनी माका काय काय नावां ठेवली. डॉक्टरांकडचा खरा नाव काय ता बघूया." तिला गेली काही वर्षं पाठीचं दुखणंही होतं, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या की अशा बायकांची हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, तीही बघायला हवीत.

या वेळी काका बरोबर आले. इस्त्रीचा सदरा, खिशात चष्मा, आणि डॉक्टरांसाठी हापूसची पेटी. रिपोर्ट माझ्यासारखाच आला. एक्स आणि वाय. लहानपणी मावशीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं कारणही तेव्हा कळलं: याच ग्रंथी जांघेत उतरल्या होत्या. हाडं खरंच पातळ झाली होती, त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या आणि रोज चालायचं ठरलं. डॉक्टरांनी काकांना सगळं पुन्हा नीट समजावलं, चित्र काढून. काकांनी चष्मा लावून चित्र बघितलं, मान डोलावली.

"काही विचारायचंय?" डॉक्टर म्हणाल्या.

"हिका आंबे खाऊक चलतत मां?"

"चालतात."

"मगे काय नाय," काका म्हणाले.

पण बाहेर आल्यावर ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मावशीचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. मावशीचे डोळे भरून आले होते. मी आणि आई पाणी आणायचं निमित्त करून लांब गेलो. परत आलो तेव्हा ती त्यांना सांगत होती, "म्हणजे माजी चूक नव्हती." आणि काका म्हणत होते, "मी कधी म्हटलंय?"

मावशीने गोष्ट लपवून ठेवली नाही. तिला आता सांगायला शब्द मिळाले होते आणि ती ते वापरायची. काही वर्षांनी एका गणपतीत तिच्या नणंदेने नेहमीसारखं खवचट काहीतरी काढलं, तेव्हा मोदकाची पारी हातात तशीच ठेवून मावशीने तिला गुणसूत्रांची सगळी माहिती दिली. थोड्या वेळाने नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली, "वयनी, माज्या जावयाक पण मूल होत नाय. डॉक्टर म्हणतत तेका एक एक्स जास्त आसा. ता काय असता गो?" मावशीने तिला जवळ बसवलं, पिठाचा हात पुसला आणि मला हाक मारली.

मी तोपर्यंत शिकून देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले होते. नणंदेच्या जावयासारखी एक्स-एक्स-वाय असलेली पुरुषमाणसं किती असतात, त्यांतल्या कित्येकांना आयुष्यभर पत्ताही नसतो, हार्मोनचं औषध घेतलं तर ताकद आणि उत्साह कसा सुधारतो, आणि काहींना डॉक्टरांच्या मदतीने स्वतःचं मूलही होतं, हे मी तिला सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. "म्हणजे तो बरो आसा," ती शेवटी म्हणाली. माणूस बरा आहे की नाही एवढंच तिला हवं होतं.

वर्गात आनुवंशिकतेचा धडा आला की मी फळ्यावर नेहमीचं लिहिते: एक्स-एक्स मुलगी, एक्स-वाय मुलगा. मग खाली लिहिते, "बहुतेक वेळा." पहिल्या वर्षी हे लिहिताना खडू मोडला होता. मुलं लगेच विचारतात, बहुतेक म्हणजे? मग मी सांगते की एकच एक्स असलेल्या मुली असतात, त्या बुटक्या असतात आणि बऱ्याचदा हुशार, त्यांच्या हृदयाची काळजी घ्यावी लागते. जास्तीचा एक्स असलेले मुलगे असतात. वाय असूनही मुलगी असलेल्या मुली असतात. एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, परीक्षेत काय लिहायचं?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातलं लिही, आणि माणसांशी वागताना माझं लक्षात ठेव.

वर्गात मी स्वतःचं सांगितलेलं नाही. ते ज्याला सांगायचं होतं त्याला विजयदुर्गच्या धक्क्यावर सांगितलं. तो त्याच बाजूचा, होडीची इंजिनं दुरुस्त करतो. आम्ही वर्षभर भेटत होतो आणि तो लग्नाचं बोलला होता. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "माका येळ दी." मी घरी आले ती आता संपलं असं समजूनच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शाळेच्या फाटकाशी उभा. हाताला ग्रीस तसंच. "मोबाइलवर वाचलंय," तो म्हणाला. "अर्धा समजला नाय. तू बाई आसंस ना? शिकव."

मी शिकवलं. त्याने फार चांगले प्रश्न विचारले, वर्गातल्यांपेक्षा चांगले. शेवटचा प्रश्न होता, आपल्याला मूल दत्तक घ्यायचं झालं तर माझ्या होणाऱ्या सासूला कोण समजावणार. त्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं. मावशी.

लग्नात माझी ओटी मावशीने भरली. तिला कुणीतरी बाजूला थांबायला सांगितलं होतं, मूल नसलेल्या बाईने पहिली ओटी भरू नये म्हणून. मी पाटावरून उठून तिला हाताला धरून आणलं. आई मागून म्हणाली, "भर गो, सगळा तांदूळ ओत," आणि तिने खरंच सगळं सूप ओतलं. माझ्या शालूतून तांदूळ मांडवभर सांडला आणि पुढे दिवसभर लोक त्यावरून घसरत होते.

माझ्या पाठची बहीण यंदा बाळंत झाली. आईसारखाच तिलाही स्वतःला काही त्रास नाही, पण तो बदल तिच्याकडून पुढे जाऊ शकतो हे आम्हाला माहीत होतं. पोटुशी असताना तिला सगळ्यांनी घाबरवायचा प्रयत्न केला. ती म्हणायची, "तायेसारखा झाला तर बराच. तिचो चेहरो बघ, क्रीम लावूक लागना नाय." मुलगी झाली. आता ती एक्स-एक्स की एक्स-वाय, यांतलं काहीही असू शकतं. बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने गोव्याच्या त्याच डॉक्टरांकडे रक्त तपासून घेतलं, पुढे काळजी घ्यायला सोपं जावं म्हणून.

उत्तर काय आलं ते मी इथे लिहीत नाही. ते त्या मुलीचं आहे, तिला वाटलं तर ती सांगेल.

बारशाला कुणकेश्वरहून मावशी आणि काका आले. मावशी रोज किनाऱ्यावर चालते, त्यामुळे पाठ सरळ झालीय आणि आवाज आणखी मोठा. पाळण्याशी ती आणि बहिणीची सासू नावावरून भांडत होत्या, दोघींनाही आपापल्या आवडीचं नाव हवं होतं. बाळ शांत झोपलेलं. काका माझ्याशेजारी येऊन बसले, पानात फणसाची भाजी वाढून घेतली, आणि म्हणाले, "जेव तू. ह्यांचा काय लवकर आटपाचा नाय."